शून्याची जागा

भंगाराच्या दुकानात माणसे प्रेमात पडत नाहीत असा काही नियम नाही. फक्त तशी उदाहरणे फारशी नोंदली गेलेली नाहीत. त्यामुळे यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीमागे, रामलालच्या भंगाराच्या आवारात, सुरभी देरकरने सागवानाच्या एका फळीचे टोक धरले आणि दुसरे टोक कोणीतरी आधीच धरून ठेवले आहे असे तिच्या लक्षात आले, तेव्हा तिच्या मनात फळीखेरीज दुसरे काहीही नव्हते.

पाऊस नुकताच पडून गेला होता. गंजक्या पत्र्यांवरून पाणी ठिबकत होते, आणि ओल्या लोखंडाचा तो एक वास—जिभेवर नाणे ठेवल्यासारखा—सगळीकडे भरून राहिला होता.

"भाऊ, ही फळी मी घेतली आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या टोकाला तिशीच्या अलीकडचा एक माणूस होता. सदऱ्याच्या खिशातून बारीक मापे घ्यायच्या व्हर्निअर कॅलिपरचे टोक डोकावत होते. तो तिच्याकडे पाहू लागला. डोळ्यांकडे नव्हे... ओठांकडे.

"घेतली म्हंजे? धरली तं मी पयले."

"तुम्हाला कशाला हवी?"

"लेथपुढं टाकाले. दिवसभर नुसत्या शिमिटावर उभं राह्यलं का पाय भरून येते. तुमाले कायले पायजे?"

"गिटार करायची आहे."

तो हसला नाही. त्याने फळीकडे पाहिले, मग पुन्हा तिच्या ओठांकडे, जणू ते वाक्य तिथे अजून शिल्लक होते. मग त्याने आपले टोक सोडून दिले.

"मंग न्या. माहे पाय टिकतीन अजून. पण करनार कायनं?"

"करवत आहे घरी."

"करवत?" आता मात्र तो हसला. "मॅडम, हे कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडाचं लाकूड होय. तुमच्या-माह्या जन्माच्या आधी वाळलं हाये ते. याच्यात करवत घालसान तं करवतच रडन!"

अशा रीतीने जीवन राठोड तिच्या आयुष्यात आला, करवतीच्या काळजीपोटी.

सुरभी यवतमाळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत असे. कोणत्याही निरीक्षणाला एकाहून अधिक स्पष्टीकरणे असू शकतात, हे ती दरवर्षी नव्या मुलांना सांगे. अनोळखी पुरुष आपल्या ओठांकडे का पाहतो यालाही अनेक स्पष्टीकरणे संभवत होती. त्यांतले सर्वांत सुखद स्पष्टीकरण तिने लगेच बाद केले. तिला तशी सवय होती.

गिटारीची हकिकत अशी. पुण्यात शिकत असताना मैत्रिणींच्या एका वाद्यवृंदात ती बेस गिटार वाजवायची—चार जाड तारांची, खर्जात बोलणारी. शिक्षण संपले, मैत्रिणी पांगल्या, आणि गावाकडे परतताना बसच्या टपावर सामानाखाली गिटारीची मान डोक्यापाशी मोडली. मोडलेले डोके चिकटवता आले असते. पण तारा पिळायच्या खुंट्या डोक्याऐवजी बुडाशी बसवल्या आणि मानेच्या टोकाला तारा नुसत्या चिमट्यात धरल्या, तर डोक्याची गरजच उरत नाही. अशा बिनडोक्याच्या गिटारी जगात कधीपासून बनतात. जुन्या वाद्याचे धड आणि त्यातले नाद टिपणारे चुंबक वापरायचे, मान नव्या लाकडाची करायची, तारा आणि मानेवर आडव्या बसणाऱ्या स्वरांच्या पडद्यांची तार मागवायची, आणि उरलेले... उरलेले कसे करायचे, ते तिला ठाऊक नव्हते.

ते जीवनला ठाऊक होते. घनश्यामभाऊंच्या वर्कशॉपमध्ये तो लेथ आणि मिलिंग मशीन चालवायचा, आणि शनिवारी दुपारनंतर मशीन रिकामे असले तर भाऊंची हरकत नसायची. हरकत नसायची, पण मत असायचे.

"काय होय म्हने हे?" पहिल्याच शनिवारी त्यांनी चौकशी केली.

"गिटार. बिनडोक्याची," जीवन म्हणाला.

"वाऽ! गिटारले डोकं नाही, बनवनाऱ्याले बी नाही. जोडा बरोबर जमला!" भाऊ चहाला निघून गेले. जोडा म्हणजे नेमका कोणाचा, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. सुरभीने विचारलेही नाही.

शनिवार येत राहिले. 'जीवनभाऊ'मधला 'भाऊ' त्यांपैकी कोणत्या शनिवारी गळाला, हे सांगता येत नाही. जिनिंगच्या यंत्रातले जुने पितळी बुश, म्हणजे आसावर बसणारी गोल नळकांडी, रामलालकडून आणून जीवन त्यातून तारा ताणायच्या खुंट्या घडवू लागला. मशीनखाली पितळेचा भुसा सांडे आणि संध्याकाळी पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हात तो हळदीसारखा चमके. सुरभी स्टुलावर बसून सागवान घासत असे. मध्येच ती काही बोले... आणि तो हातातले काम थांबवून, मशीन बंद करून, तिच्याकडे वळून पाही.

कोणी आपल्यासाठी मशीन बंद करते, ही गोष्ट लहान नसते. यवतमाळात तिच्या भाड्याच्या खोलीत दोन कप होते आणि दुसरा नेहमीच कोरडा असे. महाविद्यालयात ती बोले तेव्हा मुले भ्रमणध्वनीत पाहत. गावी मारेगावला फोन केला तर आई बोलता बोलता कोणाला तरी सोयाबीनच्या फवारणीचे सांगत असे. तिच्या एका वाक्यासाठी जगातले काहीही थांबत नव्हते. इथे मात्र आख्खे लेथ थांबत होते.

"याच्यातली बेस कोनती?" एकदा त्याने विचारले. तिने पुण्याच्या दिवसांतले एक ध्वनिमुद्रण फोनवर लावले होते.

"ऐका नीट. खाली... खाली चालली आहे बघा."

त्याने फोन कानाशी धरला. कपाळाला आठी पडली. "डबडं वाजते थोडंसं. तुम्ही कुठी हाये याच्यात?"

"फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस येतच नाही," ती म्हणाली, आणि तिला उगाच हसू आले. "बेसचं असंच असतं. असते तेव्हा कोणाला कळत नाही. काढून घेतली की काहीतरी गेलं एवढंच कळतं."

"अन् एकटीच वाजवली तं?"

"एकटी बेस म्हणजे अर्धं वाक्य. ऐकणारा वाट पाहतो, पुढचं कोणी बोलतं का याची."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. तिच्या ओठांकडे. वाक्य संपले होते, तरी थोडा वेळ अधिक... की तिलाच तसे वाटले? त्या संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर तिने ते सुखद स्पष्टीकरण बाद केलेल्यांच्या यादीतून काढून 'विचाराधीन' असे ठेवले.

पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. मानेवर पडद्यांच्या खाचा पाडून झाल्या, पडदे ठोकले गेले, तारा चढल्या. सुरभीने सूर जुळवण्याचे यंत्र लावले, पहिल्या पडद्यावर बोट ठेवले, मग मोकळी तार छेडली. पुन्हा बोट ठेवले. पुन्हा मोकळी.

"चुकलं आहे," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"सगळ्या पडद्यांचे स्वर एकमेकांशी बरोबर आहेत. पण मोकळी तार कोणाशीच जुळत नाही. तुम्ही मापं कुठून घेतली?"

"टोकापासून. लाकडाच्या."

"मी सांगितलं होतं ना, की तार जिथे चिमट्यात धरली जाते तिथून पुढे शून्य धरायचं! टोकापासून अंगठाभर आत!"

"सांगतलं नव्हतं."

"सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

"मॅडम," त्याचा चेहरा बंद झाला, "जॉबचं टोक म्हंजेच शून्य. आमच्यात असंच मोजते. दुसरं काही सांगतलं असतं तं तसं केलं असतं."

तिने सांगितले होते, याबद्दल तिला संशय नव्हता. त्याने मान हलवली होती, याबद्दलही नव्हता. दोन्ही निरीक्षणे खरी, आणि तरी तो खोटे बोलत नव्हता. तिने तो प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणला. तो मशीनवर वाकलेला; बाजूला ग्राइंडर चालू; आणि ती... ती त्याच्या पाठीमागे उभी होती.

मग इतर गोष्टी आपोआप ओळीत लागत गेल्या. तो कधी फोन करत नसे, नेहमी संदेश पाठवी. चहा सांगणाऱ्या भाऊंना दोनदा हाक मारावी लागे. ती बोलू लागली की तो मशीन बंद करी... आणि ओठांकडे पाही.

गृहीतक तपासल्याशिवाय सोडायचे नाही, हीही तिची सवय होती. जीवन तिच्याकडे पाठ करून खिडकीपाशी गेला होता आणि नुकताच घासून चकचकीत केलेला पितळी बुश विनाकारण पुन्हा घासत होता. सगळी मशीने बंद होती. ती पाचेक पावलांवर जाऊन उभी राहिली. चाचणीचे वाक्य असे हवे होते की जे ऐकू आले तर प्रतिक्रिया न देणे अशक्य व्हावे. वाक्य निवडायला तिला वेळ लागला नाही. ते बरेच दिवस तयारच होते.

"जीवन," नेहमीच्या हळू आवाजात ती म्हणाली, "मला तुम्ही आवडता."

तो बुश घासत राहिला.

चाचणी यशस्वी झाली होती. इतकी निर्विवाद चाचणी तिने प्रयोगशाळेतही क्वचितच पाहिली असेल. त्याला ऐकू कमी येत होते. ओठांकडे पाहण्याचे कारण तेवढेच होते. आणि ज्या नजरेवर ती इतके शनिवार जगली होती, ती नजर शब्द वेचणारी होती, तिला नव्हे. तिने पिशवी उचलली. "येते," ती मोठ्याने म्हणाली. एवढ्या मोठ्याने, की तो दचकून वळला.

त्यानंतरचे शनिवार तिने उत्तरपत्रिका तपासण्यात घालवले. पाऊस रेंगाळला होता. कपाशीला बोंडे धरली होती आणि बसमधले सगळे त्याच चिंतेत होते. खोलीत ती खिडकीपाशी बसे. समोरच्या गच्चीवर कोणाचे तरी कपडे पुन्हा पुन्हा भिजत, आणि ते काढायला कोणी येत नसे. मोजमापात झालेली चूक दुरुस्त करता येते, हे तिला माहीत होते. पण जे मोजायला गेलो ते मुळात अस्तित्वातच नव्हते, तर काय दुरुस्त करायचे? तिने रागवायचा प्रयत्न करून पाहिला. रागाला पुरेसा आधार सापडला नाही. तो कधीच काही म्हणाला नव्हता. म्हटले होते ते सगळे तिच्याच मनाने.

एका शनिवारी सकाळी संदेश आला. 'झाली. या.' सोबत छायाचित्र: मानेच्या टोकाला लाकडाबाहेर बोल्टने बसवलेला, पितळेचा एक चौकोनी ठोकळा. तिने ते मोठे करून पाहिले आणि नाइलाजाने तिला कौतुक वाटले. खाचा तशाच ठेवून त्याने तारांचा चिमटाच लाकडाबाहेर नेला होता. आता लाकडाचे टोक हेच खरोखर शून्य झाले होते. त्याने आपले माप बदलले नव्हते आणि तिची अटही मोडली नव्हती.

ती लोहाऱ्याला पोचली तेव्हा सरी येऊन गेल्या होत्या आणि वीज गेली होती. वर्कशॉपमध्ये अंधुक उजेड आणि पत्र्यावरून निथळणाऱ्या पाण्याची टपटप. घनश्यामभाऊ बाहेर वळचणीखाली उभे राहून विजेच्या कार्यालयात कोणाला तरी फोनवर झापत होते.

लेथपुढे सिमेंटवर जीवन उभा होता. पायाखाली फळी नव्हतीच. ती गिटार झाली होती.

सुरभी त्याच्या अगदी समोर उभी राहिली, उजेड आपल्या तोंडावर येईल अशी.

"ऐकू कमी येतं, हे मला सांगितलं का नाही?"

त्याने नजर खाली घातली, आणि मग पुन्हा वर आणावी लागली. नाहीतर पुढचे कळले नसते.

"चाकणले प्रेस शापीत होतो, पत्रे ठोकाच्या. दिवसभर धडाम धडाम. भारी आवाज ऐकू येते बरोबर. बारीक सगळे गेले. तुमचा आवाज..." तो थांबला, "तुमचा आवाज बारीक हाये."

"पण सांगायला काय झालं होतं?"

"सांगतलं का लोक मोठ्यानं बोलते. मंग कमी बोलते. मंग बोलतच नाही." त्याने खांदे उडवले. "आमच्या बंजाऱ्याच्या तांड्यात माय म्हनते, जीवन लय गर्वाचा झाला, हाकेले ओ देत नाही. म्हनू द्या म्हनलं. गर्वाचा बरा, बहिऱ्यापेक्षा."

तिचे दोन कप तिला आठवले. कोणी न बोलणाऱ्या खोलीत ती एकटी होती, आणि सगळे बोलत असलेल्या घरात हा. या दोन्ही एकटेपणांत मोठे कोणते, हे मोजायचे साधन तिच्याकडे नव्हते.

"वाजवा नं," तो गिटार तिच्या हातात देत म्हणाला.

"वीज नाही. आवाज निघणार नाही हिचा."

"थांबा."

त्याने स्टूल तिच्या डाव्या बाजूला ओढले, बसला, आणि गिटारीच्या मानेचे ते सपाट पितळी टोक, जिथे एरवी डोके असते तिथे, हलकेच आपल्या कानामागच्या हाडाला टेकवले. तोंड तिच्याकडे वळवले. "आता."

हाडातून नाद पोचतो, हे तिने कितीदा तरी फळ्यावर लिहिले होते. तिने सर्वांत जाड तार मोकळी छेडली.

त्याने पितळ आणखी घट्ट टेकवले. मग तिने दुसरी छेडली, तिसरी, आणि पुण्याचे ते जुने अर्धे वाक्य वाजवू लागली. शेडमध्ये जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. ते सगळे त्याच्या एकट्याच्या डोक्यात चालले होते. आणि तिच्या बोटांत. मोकळी तार स्वच्छ बोलत होती, सगळ्यांशी जुळून.

"आता आल्या तुम्ही," तो हळूच म्हणाला. "फोनमंधी नव्हत्या."

ती वाजवत राहिली. बोलली काहीच नाही. आणि मग तिच्या लक्षात आले, की तो पाहतो आहे. मशीन बंद, तिचे ओठ मिटलेले, वाचण्यासारखा एकही शब्द नाही. आणि तरीही...

तिची बोटे थांबली.

"मी तर काही बोलून नाही राह्यली," ती म्हणाली. तिची नेहमीची पुस्तकी भाषा कुठे गेली कोण जाणे. "मंग पाहता काहून?"

"बोलसान म्हून." त्याने पितळ कानामागून काढले नाही. "त्या दिवशी मागून काही बोलल्या होत्या तुम्ही. अन् मंग आल्याच नाही."

तिच्या हातातली तार एवढीशी थरथरली. ते त्याला नक्कीच कळले असणार.

"तुम्हाला... ऐकू आलं?"

"नाही. बुशात दिसल्या. ओठ हालले तुमचे. पण बुश गोल. त्याच्यात तोंड असं लांबलचक दिसते. काहीच वाचता आलं नाही." तो थोडा हसला. "तवापासून मनात जुळवून पाहून राह्यलो. जुळत नाही. काय होतं ते?"

"चाचणी होती."

"मंग? पास का नापास?"

"चाचणीच चुकीची होती," सुरभी म्हणाली. खरेच होते ते. पाठीमागून घेतलेल्या चाचणीने त्याच्या कानांबद्दल काय ते सिद्ध केले होते. त्याच्याबद्दल काहीच नाही. इतकी ढोबळ चूक तिने मुलांच्या वहीत लाल शाईने खोडली असती.

"मंग पुन्हा घ्या," तो म्हणाला. "समोरून."

मारेगावला काय म्हणतील, तांड्यात काय म्हणतील, याबद्दल तिच्याकडे कोणतीही विश्वसनीय माहिती नव्हती. अंदाज मात्र होते, आणि ते आशादायक नव्हते. बाहेर टपटप विरळ होत चालली होती. मोठ्याने बोलावे, असे तिला आधी वाटले. मग तिने आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले. सावकाश, एक-एक शब्द सुटा करून, तेच वाक्य.

तो व्हर्निअर वाचतो तसे त्याने ते वाचले: आधी ठळक माप, मग डोळे बारीक करून बारीक रेघ. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून, खात्रीसाठी. पितळी टोक त्याच्या कानामागून निसटले.

"मले बी!" तो म्हणाला. स्वतःचा आवाज केवढा मोठा झाला, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

वळचणीखालून घनश्यामभाऊंनी फोन बाजूला धरून विचारले, "काय तुले बी रे? चहा?"

सुरभी हसली. ते हसणे आवाजाचे होते की बिनआवाजाचे, हे जीवनला कळले नाही. त्याने ते पाहिले.